जुन्या मंडळीची रजिस्टरं सापडलीत, पण मंडळी नक्की कोणत्या सालची?

पेटीतली_वही

जय ख्रिस्त सगळ्यांना. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मुंबईतली एक जुनी मराठी मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समाज, आहे आमची, आता सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). नाव मुद्दाम देत नाही, कमिटीतले दोघंतिघं इथे वाचत असतात. मी यंदा सेक्रेटरी झालो, झालो म्हणजे बाकी कुणी हात वर केला नाही. चार्ज घेताना वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीच्या, माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली, वर नाताळच्या झालरी आणि खाली जुन्या वह्या. बाप्तिस्म्याचं एक रजिस्टर, एक लग्नांचं, एक दफनांचं, सभासदांची एक जाड यादी आणि मिनिट्सच्या तीन वह्या, त्यातल्या एकीत वाळवीने मधोमध पार बोगदा केलाय.

आता भानगड अशी की कमिटीला पुढच्या वर्षी शतकोत्तर अमृतमहोत्सव करायचाय, म्हणजे १७५ वर्षं. हा आकडा कुठून आला कुणालाच माहीत नाही, एका काकांनी कुठल्याशा भाषणात म्हटलं होतं आणि तेव्हापासून तो चिकटला. कोनशिलेवर आहे १८८९. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पहिली नोंद आहे १८५७ ची. आणि म्हातारी माणसं म्हणतात आपली मंडळी स्कॉटिश साहेबांनी काढली, विल्सनसाहेबांच्या वेळची. तीन तोंडं तीन उत्तरं, आणि बॅनरवाला रोज फोन करतोय की साल कोणतं टाकू.

तर मंडळी कधी सुरू झाली हे ठरवायचं कशावरून? आणि आमच्याकडे जे नाही ते रेकॉर्ड आणखी कुठे असू शकतं? मी अकाउंट्सवाला माणूस, इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच.

हो आणि एक, तरुण संघाचं म्हणणं आहे की रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूया. टाकू का?

बोरीबंदर_फास्ट

भाऊ सोप्पंय. ब्रिटिशांनी सगळं लंडनला नेलंय. ब्रिटिश लायब्ररीत मुंबईच्या चर्चची सगळी रजिस्टरं आहेत, आता ऑनलाइन पैसे भरून बघता पण येतात. नाव टाका, निघेल.

कागदकिडा

सगळी नाहीत हो. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक पैसे भरतात, आजोबांचं नाव टाकतात आणि काही निघालं नाही की म्हणतात रेकॉर्ड जळलं असणार.

ब्रिटिश लायब्ररीत जे आहे ते इंडिया ऑफिसच्या कागदांतलं, एन-३ नावाची मालिका, मुंबई इलाख्याची, १७०९ ते १९४८. ती मूळ रजिस्टरं नव्हेतच. कंपनीचे आणि पुढे सरकारचे चॅप्लेन, म्हणजे पगारी पाळक, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला करून पाठवायचे, त्या नकला विलायतेला जाऊन पडल्या. त्यात मुख्यतः गोरे लोक आणि युरेशियन. फोर्टातल्या सेंट थॉमसमध्ये, जे १७१८ च्या नाताळात उघडलं, तिथे कुणा साहेबाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला असेल तर तो तिकडे सापडेल. मिशनच्या मराठी मंडळीतला माणूस त्यात सापडला तर लॉटरी समजा. मिशनचे पाळक सरकारी पगारावर नव्हते, त्यांचा हिशोब वेगळ्या दारी.

आता तुमच्या सालाचं. तीन सालं तीन वेगळ्या गोष्टींची आहेत, त्यांची आपसात भांडणं लावू नका. कोनशिला इमारतीचं साल सांगते. रजिस्टर हे रजिस्टरचं साल सांगतं, म्हणजे ते पण सांगतंच असं नाही, त्यावर नंतर येतो. आणि मंडळी म्हणजे माणसं, ती कुणाच्या ओटीवर, शाळेच्या खोलीत, मिशनच्या चॅपलमध्ये जमत होती तेव्हापासूनची. शहरात तर हे फारच, कारण जागा महाग, मंडळी आधी होते आणि देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, मिळायला कधीकधी पिढी जाते.

स्कॉटिश की आणखी कोण हे ठरवायला मात्र लंडनही नको आणि एडिंबराही नको. मिनिट्सची सगळ्यात जुनी वही उघडा आणि पहिल्या दहा-वीस पानांत कोणते शब्द येतात ते बघा. सेशन भरलं, मॉडरेटर अध्यक्ष होते, अमुक वडील (एल्डर) हजर, आणि प्रकरण वर प्रेस्बिटरीकडे पाठवलं असं असेल तर घराणं स्कॉटिश, म्हणजे प्रेस्बिटेरियन. मंडळीची सभा भरली, सभासदांनी मत दिलं, डीकन निवडले असं असेल तर काँग्रिगेशनल, आणि मुंबईत मराठी काँग्रिगेशनल म्हणजे बहुतेक अमेरिकन मराठी मिशन. चर्चवॉर्डन दिसले, दृढीकरणाला बिशप आले, तर अँग्लिकन. क्लास लीडर, प्रोबेशनर, क्वार्टर्ली कॉन्फरन्स हे शब्द आले की डोळे मिटून मेथडिस्ट. लोक आठवणी बदलतात पण मिनिट्स लिहिणारा माणूस आपल्या पंथाचे शब्द सोडत नाही. तुमच्या खोलीला वेस्ट्री म्हणतात त्यावर मात्र जाऊ नका, ते सगळेच म्हणतात.

भायखळा_ते_नगर

कागदकिडा यांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त मागचं थोडं टाकतो म्हणजे शब्द बघताना संदर्भ लागेल.

मुंबईत मराठीतून काम सुरू करणारे पहिले प्रोटेस्टंट मिशनरी अमेरिकन. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, कंपनीला ते नकोच होते, परत पाठवायचं चाललं होतं, पण तेव्हाचे गव्हर्नर इव्हान नेपियन जरा नरम माणूस निघाले आणि त्याच वर्षी चार्टर ॲक्ट पण आला, म्हणून ते टिकले. हॉल पुढे १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेले. १८२३ मध्ये भेंडीबाजारच्या बाजूला त्यांचं चॅपल झालं, १८३१ पासून नगरला ठाणं झालं, आणि मग मंडळींचा खरा जोर नगरकडे गेला. १८४२ मध्ये ज्ञानोदय पण नगरलाच सुरू झालं.

स्कॉटिश बाजू म्हणजे जॉन विल्सन, १८२९ ला मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी एतद्देशीयांची छोटी मंडळी उभी केली. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, तर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, त्या पोराला कोर्टाने घरी परत पाठवलं, त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रण माजलं, बाळशास्त्री जांभेकर घ्यावं या बाजूने उभे राहिले. हे मुद्दाम सांगतोय कारण असल्या माणसांची चर्चच्या रजिस्टरात एक ओळ असते फक्त. तारीख, नाव, वय, पाळकाची सही. बाकीचं सगळं कोर्टाच्या कागदांत आणि वर्तमानपत्रांत. त्यामुळे मंडळीचा इतिहास मंडळीच्याच पेटीत मिळेल ही आशा अर्धीच ठेवा.

त्याच १८४३ मध्ये तिकडे स्कॉटलंडात चर्च फुटलं, विल्सन आणि त्यांचे सोबती फ्री चर्चबरोबर गेले, आणि इकडे बांधलेली इमारत सोडून नव्याने सुरुवात करावी लागली. म्हणजे स्कॉटिश म्हटलं तरी पुढचा प्रश्न, कोणतं स्कॉटिश.

आता कागद कुठे. अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे हॉल-नॉटना पाठवणाऱ्या संस्थेचे, कागद हार्वर्डच्या हाउटन लायब्ररीत आहेत, मिशनरींची पत्रं वर्षावर्षाने लावलेली. बोर्डाचं मासिक मिशनरी हेरॉल्ड, त्याचे जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत, आधी ते चाळा. स्कॉटिश मिशनचे कागद एडिंबराला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये. सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी), म्हणजे नाशिक-शरणपूरवाले, त्यांचे बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत. एसपीजी या दुसऱ्या अँग्लिकन मिशनचे ऑक्सफर्डला बोडलियनमध्ये. अमेरिकन मेथडिस्टांचे न्यू जर्सीत ड्रू युनिव्हर्सिटीत. घर एक आणि पेट्या पाच गावांत अशी गत आहे आपली.

पेटीतली_वही

बापरे. धन्यवाद दोघांनाही. काल उपासनेनंतर तीन तास वेस्ट्रीत बसलो, बायको निघून गेली, चावी माझ्याकडे म्हणून वॉचमन पण ताटकळत.

पहिल्या वहीत सेशन हा शब्द एकदाही नाही. डीकन आहेत. "मंडळीची सभा भरली, प्रार्थनेने सुरुवात, अमक्याला सभासद करून घेण्याविषयी मत घेतलं" असंच पानोपानी. म्हणजे काका लोकांचं स्कॉटिश गेलं का?

सभासदांच्या यादीत एक रकाना आहे "कसा आला", त्यात दोनच उत्तरं, एकतर "विश्वास पत्करून" नाहीतर "पत्राने", म्हणजे आधीच्या मंडळीचं पत्र आणून, आणि पत्राने आलेल्यांपुढे गावाचं नाव. नगर, शिरूर, राहुरी, वडाळा (नगरकडचं), पुन्हा नगर, नगर, नगर. मला वाटत होतं आम्ही पक्के मुंबईकर.

दफनांचं रजिस्टर बघताना मात्र थांबलो. एरवी एका पानावर वर्ष-दीड वर्ष निघतं. १८९६ च्या शेवटाला पान भरतं आणि मग १८९७ मध्ये पानामागून पान, मृत्यूचं कारण या रकान्यात आधी "ताप", "ताप", "ग्रंथी", मग सरळ "प्लेग", मग "वरीलप्रमाणे" अशा खुणा खालपर्यंत. एका पानाच्या मधोमध पाळकाची सही बदलते. पुढे त्याच पाळकाचं नाव नोंदीतच दिसतं. मी ती वही मिटून घरी आलो.

अजून एक विचित्र. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात १८५७ पासून पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं अक्षर एकच आहे, शाई पण एकच, खाडाखोड नाही. अकाउंट्सवाल्याला असली वही बघितली की आधी संशय येतो.

कागदकिडा

संशय बरोबर आला तुम्हाला. पंचवीस वर्षं एकच हात, एकच शाई, एकच टाक, असं खऱ्या रजिस्टरात होत नाही. खऱ्या वहीत पाळक बदलतो, पावसाळ्यात शाई फुटते, कुणी तारीख आधी चुकीची लिहून मग खोडतो, कुणाच्या आईचं नाव राहून जातं आणि समासात नंतर कोंबलेलं असतं. तुमच्याकडे आहे ती नक्कल. जुनी वही फाटली किंवा भरली म्हणून कुणीतरी बसून नव्या वहीत उतरवून घेतलेली.

एक करा. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून वहीचं एक कोरं पान उभं धरा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. विलायती कागद असेल तर पाण्यातलं चिन्ह दिसतं, म्हणजे वॉटरमार्क, त्यात कारखान्याचं नाव आणि बऱ्याचदा साल असतं. कागद तयार व्हायच्या आधी त्यावर कुणी लिहू शकत नाही, एवढा एक पुरावा आमच्या धंद्यात पक्का.

पान उलटताना कोपऱ्याला थुंकी लावू नका. हसू नका, लोक लावतात.

शब्बाथशाळा

मी इथे फारशी लिहीत नाही पण प्लेगचं वाचलं आणि राहवलं नाही. माझी आजी सांगायची की तिच्या आजीला दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं होतं, तिला आपल्या आईचं नाव माहीत नव्हतं, गावाचं माहीत होतं. आमच्या आडनावाची गोष्ट तिथेच सुरू होते, त्याच्या मागे जाता येत नाही. तुमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात १८९९-१९०० च्या सुमाराला आईबापाच्या रकान्यात आश्रमाचं नाव किंवा नुसतीच रेघ दिसली तर समजा ती दुष्काळातली पोरं. हळू वाचा ती पानं.

आता तुमच्या काकांचं स्कॉटिश. ते अगदीच हवेतलं नसावं बरं का. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, तेव्हापासून अमेरिकन आणि स्कॉटिश दोन्हीकडच्या मंडळ्या एका छपराखाली. पाळकांच्या बदल्या इकडून तिकडे व्हायला लागल्या, लग्नं तर आधीपासूनच. मग १९७० ला, २९ नोव्हेंबरला नागपूरला, सीएनआय झालं आणि अँग्लिकन पण आले. तुमचे काका ज्या पाळकसाहेबांच्या हातून शिकले ते स्कॉटिश घराण्यातले असतील, त्यांनी विल्सनसाहेबांच्या गोष्टी सांगितल्या असतील, पोरांना वाटलं आपल्याच मंडळीची गोष्ट. आमच्याकडे उलटं झालंय. आमची मंडळी मूळची प्रेस्बिटेरियन, आणि सगळे छातीठोक सांगतात की टिळकांचा बाप्तिस्मा आपल्याकडे झाला. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला हे खरं, पण काँग्रिगेशनल मंडळीत. मी एकदा वार्षिक सभेत हे बोलले तर मला चहा पण कुणी विचारला नाही.

पेटीतली_वही

टॉर्च लावला!! वॉटरमार्क आहे, एका बाजूला मुकुटासारखं काहीतरी, खाली साल १८८४. म्हणजे १८५७ च्या नोंदी १८८४ च्या कागदावर. पोरांना बोलवून दाखवलं, तरुण संघाचे सगळे येऊन टॉर्च मारत बसले होते, क्रिकेट सोडून.

मग सभासदांच्या यादीला पण लावला, तोच कागद. आणि आता ऐका. यादीतलं पहिलं नाव क्रमांक १ नाहीये, ३ आहे. मग ७. मग ८, १५, १६, २२. पुढे पुढे अंतर कमी होतं आणि १८८४ नंतर आकडे सलग चालतात. आधी मला वाटलं पानं गेली, पण शिवण जाग्यावर आहे, एकाच पानावर ३ च्या खाली ७. क्रमांक ३ ची तारीख १८५५, आलेला "पत्राने, अहमदनगर". क्रमांक ८ बाई आहे, तिच्यापुढे शेरा "बायबल बाई", बस.

मधले आकडे गेले कुठे?

भायखळा_ते_नगर

मेले. किंवा दुसऱ्या गावी पत्र घेऊन गेले, किंवा मंडळीने काढून टाकले.

१८८४ ला नवी वही करणाऱ्याला इतिहास नव्हता करायचा, त्याला चालू यादी हवी होती. पवित्र भोजनाला कोण बसणार, वर्गणी कुणाकडून घ्यायची. म्हणून जुन्या वहीतून त्याने फक्त तेव्हा हयात आणि हजर असलेली माणसं उतरवून घेतली, पण क्रमांक मूळचेच ठेवले, देव त्याचं भलं करो. नवीन क्रमांक दिले असते तर आपल्याला काही कळलंच नसतं. आता एवढं नक्की की १८५५ ला तिसरा माणूस आला त्याच्या आधी १ आणि २ होते. आणि तो तिसरा कुठल्यातरी मंडळीचं पत्र घेऊन आला, तर पत्र घ्यायला मंडळी आधीपासून होती. मंडळीशिवाय पत्र कुणाच्या नावे लिहिणार.

म्हणजे तुमच्याकडे सुरुवात बाप्तिस्म्याने झालीच नाही, ती नगरहून कामाधंद्याला आलेल्या माणसांनी झाली. रजिस्टरात १८५७ दिसतं कारण मुंबईत जन्मलेलं पहिलं पोर तेव्हाचं असणार, आईबाप आधीचेच ख्रिस्ती.

आता पुढचं काम. मिशनचे वार्षिक अहवाल शोधा, त्यात मंडळ्यांचे तक्ते असायचे, सभासद किती, त्या वर्षी किती वाढले, किती गेले. १८८२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने मेमोरियल पेपर्स म्हणून १८१३ ते १८८१ चा आढावा छापलाय, तो पण चाळा. आणि ज्ञानोदयचे जुने अंक, त्यात बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू यांच्या बातम्या असतात, एक-दोन ओळींच्या का होईना. तुमचे हरवलेले क्रमांक १ आणि २ मला वाटतं मृत्युलेखातच भेटतील.

आणि इथल्या इथे दोन दारं आहेत जी कुणी ठोठावत नाही. एक चॅरिटी कमिशनर. १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदणी झाली असेल तर पीटीआरचा (पब्लिक ट्रस्ट रजिस्टरचा) उतारा काढा, त्यात मालमत्ता, ट्रस्टी आणि कधीकधी ट्रस्ट कशावरून झाला तेही असतं. दुसरं लग्नं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नाच्या नोंदींची नक्कल रजिस्ट्रार जनरलकडे पाठवावी लागते, म्हणजे तुमचं लग्नाचं रजिस्टर वाळवीने खाल्लं तरी त्याचा जुळा भाऊ सरकारदरबारी असायला हवा. मी एकदा असाच उतारा काढायला गेलो होतो, कुठलं ऑफिस ते सांगत नाही, चार खेपा झाल्या, पाचव्या खेपेला जेवणाच्या सुट्टीनंतर एका शिपायाने पाच मिनिटांत काढून दिला.

बोरीबंदर_फास्ट

ओके माझं लंडन मागे घेतो 😅 पण मग दफनाचं? शिवडीला विचारता येईल ना?

भायखळा_ते_नगर

शिवडीची दफनभूमी १८६० च्या दशकातली, त्याआधी सोनापूरला पुरायचे. तुमचं प्लेगचं रजिस्टर शिवडीच्या नोंदींशी ताडून बघता येईल, त्याच्या आधीचं अवघड आहे. दगड कुणाला परवडायचे तेव्हा.

शब्बाथशाळा

व्हॉट्सॲपचं कुणी बोललंच नाही म्हणून मी बोलते. टाकू नका.

मिनिट्सच्या वह्यांत शिस्तीची प्रकरणं असतात. अमका दारू पिऊन उपासनेला आला म्हणून सहा महिने भोजनापासून दूर, तमकीने मुलीचं लग्न हिंदू रीतीने लावलं म्हणून नाव कमी केलं, कर्ज बुडवलं, नवरा सोडला. सगळं नावानिशी. त्यांची पणतवंडं आज तुमच्याच बाकावर बसतात आणि त्यातली एक जण कदाचित तुमच्या क्वायरमध्ये आल्टो गाते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात मूळ जात लिहिलेली असते, दत्तकाचं असतं, बाप लावलेला नसतो. जातीच्या नोंदीचं तर आज कागदोपत्री वजन आहे, १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना ते आरक्षण नाही, मग कुणाच्या घरी कोणता कागद दाखवला जातो आणि कोणता लपवला जातो हे आपण सगळे जाणतो. एक फोटो फॉरवर्ड झाला की कुणाचं काय होईल सांगता येत नाही.

पोरांना काम द्यायचंच तर फोटो काढायला लावा, पण ठेवा कमिटीच्या एका ड्राइव्हवर आणि एक प्रत दुसऱ्याच कुणाच्या घरी. शंभर वर्षांपूर्वीचं वाचून दाखवा हवं तर, प्लेगची यादी उपासनेत वाचा, नावं मोठ्याने वाचा. अलीकडचं नको.

कागदकिडा

ताईंशी सहमत. फोटोचं माझ्याकडून एवढंच, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ, फ्लॅश नाही, आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांकाची चिठ्ठी दिसली पाहिजे. नाहीतर चारशे फोटो होतात आणि कुठलं पान कुठल्या वहीचं कुणाला कळत नाही, मी हे भोगलंय. सपाट स्कॅनरवर वही दाबू नका, शिवण जाते.

आणि वह्यांवर उपचार करायला जाऊ नका. सेलोटेप नाही, पाच-दहा वर्षांत तो पिवळा पडून अक्षरासकट निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नाही, एका देवळात कुणीतरी हौसेने अख्खं लग्नाचं रजिस्टर सुटं करून लॅमिनेट करून आणलं होतं, मला दाखवताना चेहऱ्यावर केवढा आनंद, मी काय बोलणार. तुमची जुनी शाई बहुतेक लोहयुक्त असणार, तपकिरी पडलेली, काही ठिकाणी अक्षराच्या जागी भोक, ती शाई कागद खाते, तिला ओल लागू देऊ नका. मऊ ब्रशने धूळ काढा, हात धुऊन कोरडे करून पान उलटा, मोजे नकोत, मोज्यांनी उलट पान फाटतं. पत्र्याची पेटी गंजली असेल तर बदला. माळ्यावरून खाली आणा, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मुंबईचा पावसाळा त्या भिंतीतूनच येतो. वाळवीवाली वही आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. आज म्हणजे आज.

पेटीतली_वही

केली वेगळी. माझ्या घरी बाल्कनीत आहे, बायको म्हणते आता आपल्या सोफ्याला लागेल.

कमिटी काल बसली. दोन तास. मी वॉटरमार्कचा फोटो दाखवला, क्रमांक ३ दाखवला, १८५५ च्या आधी एवढंच पक्कं म्हणालो. काका म्हणाले म्हणजे १७५ होतंय की, मी म्हटलं काका "आधी" म्हणजे किती आधी ते कळल्याशिवाय कसं होईल, ते म्हणाले तू अकाउंट्सवाला आहेस, टॅली कर. शेवटी पाळकसाहेबांनी मिटवलं. बॅनरवर साल नाही, नुसतं "मंडळीचा वर्धापनदिन". कोनशिलेचं १८८९ इमारतीपुढे राहील. प्लेगची नावं नोव्हेंबरच्या एका शब्बाथला, म्हणजे रविवारी, वाचायची हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं, काकांना पण, त्यांनी विचारलं आमच्यातलं कुणी आहे का त्यात, मी म्हटलं आहे. मग ते काही बोलले नाहीत.

सभासदांच्या यादीच्या पुठ्ठ्याच्या आत एक पान चिकटलेलं निघालं, कागद वेगळा आहे, जाडा आणि खडबडीत, वॉटरमार्क नाही. अर्ध्या पानावर रुपये-आणे-पैचा हिशोब दिसतो, तेवढं मला कळतं, बाकी सगळं मोडीत आहे. खाली दोन सह्या किंवा नावं आहेत असं वाटतंय. इथे मोडी येणारं कुणी आहे का?

कागदकिडा

आहे. पुठ्ठ्यापासून सोडवायला जाऊ नका, आहे तसाच उजेडात धरून फोटो काढा आणि मला मेसेज करा.